नवशिक्याचा कॅमेरा

छायाचित्रण ही पैसेवाल्यांची हौस, असे एके काळी मानीत. फिल्मच्या एका गुंडाळीत फार तर ३६ चित्रे निघत आणि ती धुऊन घेण्याचा खर्च कामगाराला परवडत नसे. आज अंधेरी स्थानकातून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांच्या खिशात मोबाईलचा कॅमेरा असतो. साधन हाती आले. हात बसविणे मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. उमेदवार कारागीर कसा तयार होतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. छायाचित्रकारही त्याच वाटेने तयार होतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

उमेदवाराला पहिल्या दिवशी सगळी यंत्रे देत नाहीत. तो एकच काम पुन्हा पुन्हा करतो. नवशिक्यानेही तसा एकच विषय धरावा. आपल्या अंधेरीत गिल्बर्ट टेकडी आहेच. सुमारे ६१ मीटर उंचीचा हा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून झाला. त्याचे जवळून चित्र घ्या. तो करडा दिसेल. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून चालतो. चौकटभर काळे दिसले की उजेड कमी आहे असे समजून तो जास्त प्रकाश आत घेतो. तेव्हा प्रकाश आपण थोडा कमी करावा. उलट, मागे लख्ख आकाश आले तर कातळाची नुसती काळी आकृती उरते. तेथे प्रकाश वाढवावा, नाही तर ऊन कातळावर येईल त्या वेळी जावे. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ चित्रे घेऊन ती शेजारी शेजारी ठेवून पाहा. चित्र का बिघडले हे स्वतःला सांगता येऊ लागले, की आत्मविश्वास आपोआप येतो.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपून एक चिमुकला चित्रपट केला होता. तो पाहून पैसे देणाराचाही विश्वास बसला.

माणसाचे चित्र कातळाहून अवघड. त्याला आधी विचारावे लागते. अमेरिकेत लुईस हाइन नावाचे एक शाळामास्तर होते. १९०८ पासून त्यांनी बालकामगारांची छायाचित्रे घेतली. मुलाची उंची ते आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून ताडीत आणि त्याचे वय व काम टिपून ठेवीत. त्या टिपणांमुळे चित्राला पुराव्याचे वजन आले. आपल्या मुंबईत सुधारक ओलवे यांनी सफाई कामगारांचे जिणे वर्षानुवर्षे त्यांच्यात वावरून टिपले. २०१६ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या बंधुभगिनींना हे शिक्षण उपयोगी पडेल. समजा, यंत्रावरची संरक्षक जाळी काढून ठेवली आहे. तिचे एकच घाईचे चित्र कोणाला पटत नाही. एक चित्र लांबून घ्यावे, म्हणजे जागा ओळखू येईल. दुसरे कामगार जेथे उभा राहतो तेथून घ्यावे. तिसरे जवळून, शेजारी फूटपट्टी धरून घ्यावे. तारीख व वेळ वहीत लिहावी. कामगाराचा चेहरा मात्र त्याच्या संमतीवाचून येऊ देऊ नये. चित्र आपले असले तरी नोकरी त्याची जाते.

महागडा कॅमेरा घेण्याची घाई नको. हातातल्या साधनाने एक विषय महिनाभर करावा, आणि चित्रे प्रथम त्याच माणसांना दाखवावीत ज्यांची ती आहेत. ‘हे आमचेच काम, असेच असते,’ असे ती म्हणाली, तर पुढचा विषय खुशाल हाती घ्यावा.