कमी बोलणे आणि कमी बोलायला लावणे

तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने यंदा मला निबंध दिला. त्यात दोन विधाने शेजारी शेजारी होती. एक : कमीत कमी साधनांत सिनेमा करणारे दिग्दर्शक सर्वांत खोल जातात. दुसरे : मोबाइलवरच्या त्रोटक संदेशांनी मराठीचा नाश चालवला आहे. म्हणजे एके ठिकाणी काटकसर गुण, दुसरीकडे तीच दोष. हा गोंधळ त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून येथे त्याची फोड करतो.

फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ याचा 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६) हा चित्रपट घ्या. जर्मनांच्या तुरुंगातून एक कैदी पळतो, एवढीच गोष्ट. कैदी चमचा घासून धारदार करतो आणि दाराच्या फळ्या सुट्या करतो. पहारेकरी फारसे दिसत नाहीत, त्यांच्या किल्ल्यांचा आवाज येतो. मोझार्टचे संगीत मोजक्याच जागी. नट व्यावसायिक नाहीत. ब्रेसाँ त्यांना नट न म्हणता 'मॉडेल' म्हणे आणि पुन्हा पुन्हा तेच करायला लावून त्यांचा अभिनय पार झिजवून टाकी. तो स्वतः महायुद्धात जर्मनांचा युद्धकैदी होता, हेही विसरू नये. परंतु मुद्दा असा की, त्याच्या हाती कॅमेरा होता, फिल्म होती, वाद्यवृंद होता. सगळे असताना त्याने टाकून दिले. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे त्याचे तो ठरवत होता.

आता तारेकडे या. तारेत शब्दागणिक पैसे पडत. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. वस्तीत तार आली म्हणजे कुणीतरी गेले, असे माझी आजी सांगे. वाचून दाखवणारा सापडण्याआधीच रडारड सुरू होई. ही भाषा त्रोटक होती ती खिशामुळे.

मोबाइलवरच्या साध्या संदेशाची, एसएमएसची, गोष्ट याहून बोलकी आहे. रोमन लिपीत त्याची मर्यादा १६० चिन्हांची, देवनागरीत ७०. एका संदेशाला जागा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ लागतात. शिवाय काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण ही सारी स्वतंत्र चिन्हे. 'विद्यार्थी' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, यंत्र त्यात दहा चिन्हे मोजते. सात विद्यार्थी, मध्ये रिकामी जागाही न सोडता, की संदेश भरला! पुढच्या शब्दाला दुसऱ्या संदेशाचे पैसे. हे मानक १९८० च्या दशकात युरोपात आखले गेले. त्या बैठकीत आपली लिपी नव्हती. सुरुवातीच्या कित्येक फोनांवरही ती नव्हती.

मग पोरांनी मराठी रोमनमध्ये लिहिली. तिथे ल आणि ळ एक, न आणि ण एक, त आणि ट एक. मला, माला, मळा, माळा हे चारही शब्द एकाच वेशात उभे राहतात. वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. पोरे ओळखतात. याला भाषेचा नाश म्हणणाऱ्यांनी आधी ७० आणि १६० यांतला फरक कुणी आखला, ते विचारावे. आणि 'नाश' हा शब्द तरी कुणाचा? आमच्या घरातली बोली वर्गात तोंडातून निघाली की तिलाही अशुद्धच म्हटले जाई. व्हॉट्सअॅपला आज ७० चिन्हांची अट नाही. माझी आई लिहू शकत नाही. ती आवाजी संदेश पाठवते, आणि त्यात काटकसर अजिबात नसते.

हे दोन्ही प्रश्न एकत्र पाहायचे असतील तर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) पाहावा. गटारात उतरणारा एक कामगार मरतो. शाहीर नारायण कांबळेच्या गाण्याने त्याला आत्महत्येला प्रवृत्त केले, असा पोलिसांचा आरोप. शाहिराचे काम वीरा साथीदार यांनी केले. कार्यकर्ता माणूस, २०२१ मध्ये गेले. कॅमेरा बहुधा दूर, स्थिर. खटल्यात जबान्या होतात, पण न्यायालयाच्या कागदावर साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे उतरत नाहीत. न्यायाधीश त्यांचा सारांश इंग्रजीत सांगतात आणि टंकलेखक तेवढाच टंकतो. माणसाचे बोलणे येथे सरकारी हाताने छाटले जाते, आणि पुढे पुरावा म्हणून उरते ती ही छाटलेली प्रत.

कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. नवरा आधी गटारात खडा टाकून बघे. झुरळे बाहेर आली तर आत उतरे. साधने काही नव्हती. एक डोळा गेलेला होता. वास सहन व्हावा म्हणून पीत असे. ती हे एका सुरात सांगते, रडत नाही. ताम्हाणे तिच्या चेहऱ्याजवळ धावत नाहीत, संगीत आणत नाहीत. ब्रेसाँची काटकसर आणि ही काटकसर एका जातीची : दिग्दर्शकाने स्वतःचे बोलणे कमी केले आहे, बाईचे नव्हे.

भाषेच्या शिक्षकांनी हा चित्रपट वर्गात दाखवावा. विद्यार्थ्यांना वहीत दोन रकाने आखायला सांगावे : एकात साक्षीदार काय बोलला, दुसऱ्यात टंकलेखकाला काय सांगितले गेले. साक्षीचा प्रसंग दोनदा लावावा लागेल. पहिल्या वेळी दुसरा रकाना मुलांकडून राहून जातो.