विश्लेषण : विज्ञानाच्या तासाला ‘निर्माता’ का नाकारला गेला?

सजीव उत्क्रांतीतून घडले की एखाद्या बुद्धिमान शक्तीने घडवले? २००५मध्ये अमेरिकेत हा वाद कोर्टात रंगला.

काय घडले होते?
पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या शाळा मंडळाने नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचण्याचा नियम केला. डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे वेगळे स्पष्टीकरण आहे, असे त्यात होते. विज्ञान शिक्षकांनी वाचायला नकार दिला, तेव्हा अधिकाऱ्यांनी ते वाचले. ११ पालकांनी खटला भरला.

पुरावा कुठे सापडला?
निवेदनात सुचवलेल्या पुस्तकाच्या जुन्या मसुद्यांत. शाळांत ‘क्रिएशन सायन्स’ शिकवायला लावणारा लुइझियानाचा कायदा सुप्रीम कोर्टाने १९८७मध्ये रद्द केला. त्यानंतर मसुद्यातील ‘निर्मितीवादी’ या शब्दाच्या जागी ‘डिझाइनचे समर्थक’ आले. मजकूर जवळपास तोच राहिला.

निकाल काय लागला?
न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकालात नियम घटनाबाह्य ठरवला. पालकांच्या वकिलांपोटी मंडळाला सुमारे १० लाख डॉलर मोजावे लागले.

म्हणजे धर्म खोटा ठरला?
नाही. डिझाइनची कल्पना खरी की खोटी, यावर कोर्टाने मत दिले नाही. ते विज्ञान नाही, एवढेच सांगितले. धर्मांची माहिती इतिहासाच्या तासाला देता येते. विज्ञानाच्या तासाला मात्र दावा तपासता यायला हवा.