घोरणारा खरंच गाढ झोपतो का?

मुलांनो, घरात कुणी घोरू लागलं की तुम्ही तोंडावर हात धरून हसता. ‘आजोबांची गाडी सुटली’ म्हणता. कुंभकर्णाच्या गोष्टीमुळे आपल्या सगळ्यांचा पक्का समज झालाय, की जो मोठ्यानं घोरतो त्याची झोप डाराडूर. डॉक्टर मात्र पुष्कळदा याच्या उलट सांगतात.

झोपलो की अंगाचे स्नायू सैल पडतात, घशाचेसुद्धा. जीभ मागे सरकते, हवेची वाट अरुंद होते. त्या फटीतून हवा जाताना घशातला मऊ भाग थरथरतो. घोरण्याचा आवाज तो हाच. काहींची वाट मात्र पुरती बंद होते. छाती वरखाली होते, पण हवा आत जात नाही. घोरणं एकदम थांबतं. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त! रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू झोपलेल्याला जणू ढोसून उठवतो. माणूस आचका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. रात्रीत असं शेकडो वेळा होऊ शकतं, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. ॲप्निया हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ ‘श्वास नसणे’.

आपल्याकडे हा किती जणांना असेल? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजायचं ठरवलं. नेहमीच्या आरोग्य-तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना त्यांनी झोपेविषयी प्रश्न विचारले. त्यांतल्या २५० जणांची रात्रभर तपासणी केली, तीही त्यांच्या घरीच. २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. अंदाज निघाला तो असा : १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा अडखळत होता आणि ७.५ टक्के पुरुषांना त्यासोबत दिवसाही झोप अनावर होत होती. आणि ही माणसं स्वतःला धडधाकट समजणारी बरं का! अशा माणसाला रक्तदाब जडू शकतो. तो तोरणमाळच्या घाटात गाडी चालवत असेल तर काय होईल, ते तुम्हीच ताडा.

यावर उपायही आहे. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरच्या मुखवट्यातून दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती जगापुढे मांडली. तेच आजचं सीपॅप यंत्र.

आता तुमची पाळी. हा आजार लहान मुलांनाही होतो. त्यांच्यात बहुधा घशातल्या टॉन्सिलच्या आणि नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी वाढलेल्या असतात. अमेरिकेत डॉ. डेव्हिड गोझल यांनी पहिलीतली, अभ्यासात सर्वांत मागे असलेली २९७ मुलं तपासली. ५४ मुलांचा श्वास झोपेत बिघडलेला आढळला! त्यांपैकी २४ जणांच्या गाठी शस्त्रक्रियेनं काढल्या. पुढच्या वर्षी त्यांचे गुण वाढले. ज्यांच्या आईवडिलांनी शस्त्रक्रिया करून घेतली नाही, त्यांचे होते तिथेच राहिले. हे १९९८ साली छापून आलं. आम्हा शिक्षकांनी तर हे दोनदा वाचावं. मागच्या बाकावर पेंगणाऱ्याला आपण किती सहज ‘ढ’ म्हणतो!

पण पालकांनो, लगेच शस्त्रक्रियेची घाई नको. ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात शस्त्रक्रियेनं झोप आणि वागणूक सुधारली, पण एकाग्रतेच्या चाचणीत फारसा फरक पडला नाही. शिवाय नुसतं लक्ष ठेवलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांची झोप-तपासणी सात महिन्यांत आपोआप ठीक आली. तेव्हा निर्णय कान-नाक-घसा तज्ज्ञांवर सोडावा.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आणखी एका गोष्टीची काळजी घ्यायला हवी. इथल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. प्राणवायू कमी पडला की या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. अशा मुलाचा श्वास रात्री अडकत असेल, तर धोका अधिक. सिकलसेलचं मूल रोज घोरत असेल, तर पुढच्या तपासणीला ते डॉक्टरांच्या कानावर घालाच.

मूल तोंड उघडं ठेवून झोपतं का, मान मागे टाकतं का, घोरता घोरता मध्येच गप्प होतं का, मोठं झाल्यावरही अंथरूण ओलं करतं का, हे आईच्या नजरेतून सुटत नाही. मोबाईलवर दोन मिनिटांचं चित्रण करून दवाखान्यात न्यावं. कारण दिवसा डॉक्टरांपुढे बसलेलं मूल काही घोरून दाखवत नाही!