आधी कोळसा ठरवा, मग बांगडा!

वीकेण्डचा प्लॅन फिक्स आहे. ऑफिसचा ग्रुप, देवगडला समुद्राजवळचं घर आणि रात्री अंगणात बार्बेक्यू. नांदगावला हायवे सोडला की एका तासात बंदर! बांगडे कोण घेणार, मसाला कोण लावणार, गाण्यांची जबाबदारी कुणाची, सगळं ठरलंय. आणि कोळसा? ‘‘मिळेल रे तिथेच कुठेतरी!’’

बस्स, नेमका इथेच घोळ होतो. कारण जाळीवर भाजताना मसाल्याइतकाच कोळसाही माशात उतरतो, धुरातून. म्हणून दुकानदाराला भाव विचारण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : हा कोळसा होण्याआधी काय होता?

‘कोळसा द्या’ एवढंच नको

उत्तर ‘खाणीतला दगड’ असं आलं, तर पिशवी तिथेच ठेवा. दगडी कोळशाच्या धुरात गंधकाची संयुगं असतात. त्यावर थेट मासा किंवा पनीर भाजायचं नाही म्हणजे नाही. आपल्याला हवा तो लाकडी कोळसा किंवा करवंटीचा.

फर्निचरच्या तुकड्यांचा, प्लायवूडचा जाळही नको. त्यातला रंग आणि गोंद धुरावाटे तुमच्याच ताटात येणार! हुक्क्यासाठी मिळणाऱ्या, काडी लावताच तडतडणाऱ्या चकत्यांमध्ये पेट घेण्यासाठी रसायन घातलेलं असतं. त्याही जेवणासाठी नाहीत.

खणखणीत वाजला पाहिजे

लाकूड मातीखाली झाकून, कमी हवेत भाजलं की त्यातलं पाणी आणि डांबरासारखा अंश निघून जातो. मागे उरतो तो मुख्यतः कार्बन. चांगला कोळसा ओळखायचा फंडा सोपा आहे. दोन तुकडे एकमेकांवर ठोका, खणखणीत आवाज आला पाहिजे. मोडलेल्या कडेला काळी चकाकी हवी. तुकडा जड, तपकिरी आणि मध्ये लाकडासारखाच दिसत असेल, तर तो अर्धवट भाजलेला. तो तुम्हाला रात्रभर रडवणार!

पण याची खरी किंमत पिशवीवर छापलेली नसते. मातीच्या साध्या भट्टीत एक किलो कोळशासाठी पाच-सहा किलो लाकूड सहज जातं. आणि भट्टीवर राबणारी माणसं? रायगडमधली कातकरी कुटुंबं वर्षानुवर्षं उचल घेऊन, मुलाबाळांसह कोळसाभट्ट्यांवर जात आली आहेत. त्यातल्या काहींना वेठबिगारीतून सोडवावं लागलं आहे. स्वस्तातली, नाव-गाव नसलेली गोणी घेताना हे आठवलेलं बरं.

वड्या की तुकडे?

कोळशाची भुकटी स्टार्चने बांधून दाबली की ब्रिकेट, म्हणजे कोळशाची वडी तयार होते. 1920च्या दशकात हेन्री फोर्डने मोटारींच्या कारखान्यातलं उरलेलं लाकूड असंच कामी लावलं. त्याचाच पुढे ‘किंग्जफोर्ड’ हा ब्रँड झाला. वडी एकसारखी आणि बराच वेळ जळते, पण राख जास्त होते. सुट्या तुकड्यांचा कोळसा लवकर पेटतो, कडक तापतो आणि तितकाच लवकर संपतो. बांगड्याला सुटा कोळसा पुरे, चिकनच्या तंगडीला वडी बरी.

देवगडचं उत्तर : करवंटी

आता जिथे जाताय तिथलंच बघा ना. कोकणात नारळ रोज फुटतो, पण करवंटीसाठी झाड तोडावं लागत नाही. तिचा कोळसा टणक, राख कमी, धूर कमी आणि आच एकसारखी. इतका भारी, की पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत तो वापरला गेला. आज पाण्याच्या फिल्टरमध्येही असतो. एकच अडचण, पेटायला जरा वेळ घेतो.

कच्ची करवंटी मात्र वेगळी. ती भडकते आणि काळा धूर सोडते. वापरायची असेल तर ज्वाळा पूर्ण बसून लाल निखारा होईपर्यंत जाळीवर काही ठेवायचं नाही. चुलीतल्या निखाऱ्यावर खारा बांगडा भाजणाऱ्या कोकणातल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं!

पेटवायचं कसं?

चार जणांना दीड किलो कोळसा पुरतो. रॉकेल, पेट्रोल अजिबात नको. वास तर येतोच, भडकाही उडतो. खाली नारळाची सुकी सोडणं किंवा कागद, वर कोळशाचा ढीग आणि थोडा वारा. वीस मिनिटांत, करवंटी असेल तर अर्ध्या तासात, कोळशावर करडी राख धरते. हात जाळीच्या वर वीतभर धरा. दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला तर कडक आच, चार-पाच मोजता आले तर मध्यम.

निखारे एका बाजूलाच ओढा. बांगडा तेलकट असतो. चरबी टपकली की जाळ उठतो, धूर वाढतो आणि त्या धुरातले नको ते घटक माशावर बसतात. जाळ उठला की मासा रिकाम्या बाजूला सरकवा. आगळ, मीठ, हळद, तिखट एवढंच लावा. रवा तव्यासाठी ठेवा, जाळीवर तो जळतो.

दोन गोष्टी, नो जोक्स

पहिली : पाऊस आला म्हणून शेगडी खोलीत किंवा बंद बाल्कनीत न्यायची नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात खोलीतल्या शेगडीने माणसं झोपेतच जातात.

दुसरी : निखारे कातळावर फेकायचे नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये सड्यावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं. एक ठिणगी, वारा आणि वणवा! कोकणात दरवर्षी असे वणवे आंबा-काजूच्या बागांत शिरतात. ज्या हापूसच्या पेटीसाठी तुम्ही घासाघीस करता, त्याचं कलम वाढवायला कुणाची तरी कित्येक वर्षं गेलेली असतात. म्हणून निखाऱ्यांवर भरपूर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. हाताला गार लागल्याशिवाय राख टाकायची नाही.

उरलेला कोरडा कोळसा घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, कोकणातली दमट हवा त्याला लगेच भिजवते. आणि सोलकढीसाठी नारळ खवलात की करवंट्या बाजूला ठेवा. पुढच्या वीकेण्डचं सरपण झालं की!