गाठ काढायची, भाषा राखायची

बऱ्हाणपुरात एकाच माणसाच्या तोंडी दिवसभरात तीन भाषा येतात. घरात मराठी, बाजारात हिंदी, पॉवरलूमवर उर्दू नाहीतर निमाडी. अशा माणसाच्या मेंदूत डाव्या बाजूला, वाचेच्या भागाजवळ गाठ निघाली, तर शस्त्रक्रियेत यातली कोणती भाषा वाचवायची? न्यूरोसर्जनला हा प्रश्न खरोखरच सोडवावा लागतो, आणि त्यासाठी तो रुग्णाला टेबलावर जागा ठेवतो.

ऐकून अंगावर काटा येतो, पण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. दुखते ती डोक्याची त्वचा आणि मेंदूवरचे जाड आवरण. तेवढे बधिर केले की भागते. कवटी उघडताना रुग्णाला बहुधा झोपवतात आणि ऐन कामाच्या वेळी उठवतात. कॅनडात मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांनी ही पद्धत घडवली, मुख्यतः अपस्माराच्या रुग्णांसाठी. १९४९ मध्ये वेल्लोरला देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू करणारे डॉ. जेकब चँडी त्यांच्याच हाताखाली शिकले, मुंबईचे डॉ. राम गिंडेही मॉन्ट्रियलचेच विद्यार्थी. आज परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मेंदूतल्या गाठींसाठी अशा शस्त्रक्रिया होतात.

सर्जन दोन टोकांच्या बारीक सळईने मेंदूच्या पृष्ठभागावर काही मिलिअँपिअरची वीज सोडतो. त्याच वेळी रुग्णासमोर चित्र धरतात: गाय, छत्री, कुलूप. रुग्ण ‘ही गाय आहे’ म्हणाला, तर ती जागा मोकळी. ‘ही...’ म्हणून शब्द अडला, तर तिथे आकड्याची चिठ्ठी ठेवायची आणि तो भाग राखायचा. या चाचपणीचा उपयोग किती, ते २०१२ मध्ये आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले. चाचपणी न करता केलेल्या शस्त्रक्रियांनंतर ८.२ टक्के रुग्णांत गंभीर दोष कायम राहिला, चाचपणी केलेल्यांत ३.४ टक्के. शिवाय दुसऱ्या गटात गाठही जास्त वेळा पूर्ण निघाली. मला या आकड्यांतली ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. कारण जपून काम करणे म्हणजे गाठ मागे सोडणे, अशी समजूत सर्रास आढळते.

१८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी वाचेचे केंद्र डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात दाखवले. ते काढले की माणूस मुका होणार, असे पुढे शंभरावर वर्षे धरून चालले. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातले सर्जन ह्यूग द्युफो यांनी ग्लायोमा या मंद वाढणाऱ्या गाठीच्या काही रुग्णांत नेमका तोच भाग काढला, आणि ते रुग्ण नंतर बोलत होते. अशी गाठ वर्षाला साधारण ४ मिलिमीटर वाढते. तेवढ्या अवधीत मेंदू आपले काम शेजारच्या भागाकडे किंवा पलीकडच्या अर्ध्या मेंदूकडे सोपवतो. पक्षाघातात हा अवधीच मिळत नाही. म्हणून काही वेळा सर्जन अर्धी गाठ काढून थांबतात, आणि काही वर्षांनी काम सरकलेले दिसले की उरलेली काढतात.

या लवचिकतेला मर्यादा आहे, आणि ती समजायला बऱ्हाणपूरकराला लांब जावे लागत नाही. जहांगीराच्या काळात, १६१५ मध्ये बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे येते. वर दिसतात त्या नुसत्या कुंड्या. एखादी कुंडी बुजली तरी पाणी पुढे जाते. बोगदाच ढासळला तर पुढच्या सगळ्या कोरड्या. मेंदूचा राखाडी पृष्ठभाग बराच सावरतो, खालचे पांढरे तंतू तुटले तर सहसा भरून निघत नाहीत. वाचेचे पुढचे आणि मागचे भाग जोडणारा कमानदार तंतूंचा जुडगा सर्जन म्हणूनच जिवापाड जपतो. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत तर मेंदूला जुळवून घ्यायला वेळही फारसा मिळत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे. जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी १९७८ मध्येच दाखवले की दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत काही जागा दोन्ही भाषांना सामाईक असतात, तर काही एकाच भाषेच्या असतात. म्हणजे फक्त हिंदीत चाचणी झाली तर मराठीची जागा नजरेतून सुटू शकते. आपल्याकडचा रुग्ण इंदूरला गेला की डॉक्टरांशी हिंदीत बोलतो, मुंबईला गेला की मराठीत, आणि त्याची दुसरी भाषा कागदावर येतच नाही. ती नोंदवून घेणे हे रुग्णालयाचे काम आहेच, पण सांगणे घरच्यांच्या हातात आहे.

तेव्हा घरात कुणावर ही वेळ आली, तर शस्त्रक्रियेआधीच्या भेटीत डॉक्टरांना स्वतःहून सांगा: हा माणूस घरी कोणती भाषा बोलतो, धंद्यात कोणती, हिशेब कोणत्या भाषेत करतो. आणि मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली, तर ती अशा गाठीची खूण असू शकते; कांदा हुंगवण्यात किंवा उतारा काढण्यात दिवस घालवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि मेंदूचा एमआरआय लवकर करून घ्या.