सात आखूड, एक लांब!

दोस्तांनो, सुट्टीचे बेत घरात सुरू झाले का? आजोळ, माथेरान, महाबळेश्वर ही नावं तर दरवर्षीच निघतात. पण हल्ली काही घरांत आणखी एक शब्द ऐकू येऊ लागला आहे : क्रूझ! म्हणजे जहाजाची सफर. मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून मोठं जहाज सुटतं आणि गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाऊन परत येतं. काहींचे काका-मावशी तर सिंगापूरला जातात आणि तिथून पेनांग, फुकेतची जहाजसफर करून येतात.

तुमची आजी कोकणातली असेल तर म्हणेल, "त्यात काय नवीन? आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीनेच जायचो गावाला!" खरंच आहे तिचं. जयगड, विजयदुर्ग, देवगड, वेंगुर्ले अशी बंदरं घेत आगबोट जायची. डेकवर वळकटी पसरायची, भाकरीचं गाठोडं सोडायचं आणि गाव येईपर्यंत वाट पाहायची. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती समुद्रातच थांबायची, किनाऱ्यावरून पडाव यायचा आणि ट्रंकांसकट माणसं त्यात उतरायची.

आजच्या जहाजावर दहा-बारा मजले असतात, लिफ्ट असते, पोहायचा तलाव असतो, नाटक-जादूचे प्रयोग असतात. त्यामुळे आपण हॉटेलात आलो आहोत असंच वाटायला लागतं. आणि गंमत तिथेच होते. कारण खाली समुद्र आहे, आजीच्या वेळचाच. ही गोष्ट मला माझ्या दहा वर्षांच्या भाच्याने शिकवली.

आम्ही मुंबईहून गोव्याला निघालो होतो. जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना एका ठरलेल्या जागी बोलावलं गेलं. संकट आलं तर काय करायचं याची रंगीत तालीम होती. मी मनात म्हटलं, झालं, शाळेतली कवायत! मी कठड्याशी उभा राहून बंदराचे फोटो काढत बसलो. भाचा मात्र पुढे जाऊन त्या जहाजावरच्या ताईंचं सगळं बोलणं ऐकत होता.

रात्री जेवताना तो हात धुवायला गेला तो परत आलाच नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझ्या बहिणीचा चेहरा पांढराफटक. फोन करावा तर भर समुद्रात फोन लागेना. जहाजातले बोळ सगळे एकसारखे, तोच गालिचा, तीच दारं. आम्ही तीन मजले पालथे घातले. शेवटी एका खलाशाने विचारलं, "तुमचं मस्टर स्टेशन बघितलंत का?" मला तर ते कुठे आहे हेही आठवेना! त्यानेच माझ्या खोलीच्या कार्डावर छापलेलं अक्षर पाहिलं आणि आम्हाला तिथे नेलं. पाटीखाली भाचा शांतपणे उभा होता. म्हणाला, "मामा, त्या ताईंनी सांगितलं होतं ना, गडबड झाली की आपली जागा हीच. तू ऐकतच नव्हतास."

तर पहिली गोष्ट हीच. मस्टर स्टेशन म्हणजे संकटात जमायची जागा. तिचं अक्षर किंवा आकडा खोलीच्या दारामागे आणि बहुतेक वेळा कार्डावरही असतो. जहाजावर पाय ठेवला की तो पाठ करा, आणि खोलीपासून तिथवर जिन्याने एकदा चालून या. लिफ्टने नव्हे, कारण आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते. चुकामूक झाली तर भेटायचं तिथेच, असं घरच्यांनाही सांगून ठेवा. धोक्याची खूण ओळखायला अगदी सोपी आहे : भोंग्याचे सात आखूड आवाज आणि मग एक लांब. पूं-पूं-पूं-पूं-पूं-पूं-पूं... पूंऽऽऽ! हा आवाज आला की खेळ, जेवण, आंघोळ, सगळं सोडून निघायचं. लहान मुलांची जीवरक्षक जाकिटं वेगळ्या मापाची असतात. तुमच्या खोलीत मोठ्यांचीच असतील तर पहिल्याच दिवशी मागून घ्या.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला घाबरवता? घाबरवत नाही. पण ही तालीम सक्तीची कशी झाली ते ऐका. टायटॅनिकची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. एप्रिल १९१२ मध्ये ते जहाज बुडालं तेव्हा त्यावर सुमारे २,२०० माणसं होती आणि होड्यांमध्ये जागा होती फक्त १,१७८ जणांना. त्यातही पहिली होडी खाली सोडली तेव्हा ६५ जणांच्या जागेत तीसदेखील बसले नव्हते! आपण कुठे जायचं, कुठल्या होडीत बसायचं हे प्रवाशांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानंतर १९१४ मध्ये अनेक देशांनी मिळून समुद्रावरच्या सुरक्षिततेचे नियम केले.

बरं, ती झाली शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं भलंमोठं जहाज खडकाला घासलं आणि कलंडलं. जहाजावर ४,२०० हून जास्त माणसं होती. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीम व्हायचीच होती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत केली तरी चालत असे. त्या अपघातात ३२ जण गेले. मग नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी तालीम झालीच पाहिजे. आई-बाबांनो, फोटो नंतर काढा! (हे मी मलाच सांगतोय.)

बोट लागली तर?

गाडी लागते तशी बोटही लागते. कानाच्या अगदी आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. जहाज डोललं की तो हलतो आणि मेंदूला सांगतो, "आपण हलतोय." पण बंद खोलीत डोळे सांगतात, "छे, भिंत तर जागच्या जागी आहे." या भांडणात मेंदू गोंधळतो आणि पोटात ढवळू लागतं. म्हणून मळमळ सुरू झाली की खोलीत पडून कॉमिक्स वाचू नका, सगळ्यात वाईट तेच! मोकळ्या डेकवर या आणि दूर, जिथे आकाश पाण्याला टेकतं, त्या रेषेकडे पाहा. डोळे आणि कान यांचं एकमत झालं की बरं वाटतं.

बागेतल्या सीसॉवर टोकाला बसलेला जास्त वरखाली होतो आणि मध्ये बसलेला जवळजवळ हलतच नाही. जहाजाचंही तसंच. ज्यांना गाडी लागते त्यांनी तिकीट काढतानाच मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. मोठ्या जहाजांना पाण्याखाली माशासारखे पर असतात, ते डोलणं पुष्कळ कमी करतात. पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि वडे-भजींनी भरूही नका. आलेपाक जवळ असू द्या. गोळी घ्यायची असेल तर ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते. लहानांना कुठली आणि किती द्यायची ते मात्र डॉक्टरांना विचारूनच.

घड्याळ कुणाचं?

गाडी चुकली तर पुढची गाडी असते. जहाज चुकलं तर? ते पुढच्या बंदरावर निघून जातं आणि तिथवर आपल्या खर्चाने धावायचं असतं. म्हणून बंदरावर उतरताना परत चढायची शेवटची वेळ विचारा. ती जहाज सुटण्याच्या बरीच आधीची असते.

यात एक छुपा खड्डा आहे. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आणि थायलंडचं दीड तास. म्हणजे फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. आता समजा, जहाज सिंगापूरचीच वेळ पाळतंय आणि शेवटची वेळ साडेपाच आहे. तुम्ही फुकेतला उतरलात. तुमच्या फोनने शहाणपणाने आपली वेळ बदलून घेतली. फोनमध्ये चार वाजले, तुम्ही म्हणालात, "दीड तास आहे, शहाळं पिऊ या." पण जहाजावर पाच वाजलेत, उरलाय फक्त अर्धा तास! यावर उपाय काय? साधं मनगटी घड्याळ. ते जहाजाच्या वेळेला लावायचं आणि सफर संपेपर्यंत हात लावायचा नाही. हे काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाला द्या, ते चोख होतं. आणि मोठ्यांनी एक पाहावं : सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणार असाल तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा.

लक्षद्वीपला जाणार असाल तर तिथे उतरायला आधी परवाना लागतो. जहाज बेटाच्या बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. आजीचा पडाव आठवला ना? होडी वरखाली होत असते. दोन्ही हात मोकळे ठेवा, खलाशी "आता" म्हणेल तेव्हाच पाऊल टाका. आणि तिथलं पोवळं कितीही सुंदर दिसलं तरी खिशात घालू नका, तो कायद्याने गुन्हा आहे.

बॅगेत काय, बाहेर काय

जहाजावर सगळ्यात जास्त भीती पाण्याची नसते, आगीची असते. भर समुद्रात बंब कुठून येणार? म्हणून इस्त्री, मेणबत्त्या, उदबत्त्या, पाणी तापवायची किटली हे सगळं सामान तपासताना काढून ठेवतात. आजी रोज देवापुढे निरांजन लावत असेल तर तिला आधीच सांगा आणि सेलवरचा छोटा दिवा बरोबर घ्या.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच द्याव्या लागतात आणि त्या खोलीत यायला कधी कधी संध्याकाळ होते. तोवर तलावात डुंबायचं असेल तर पोहण्याचे कपडे, औषधं आणि कागदपत्रं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. खोलीच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात. फ्रीजवर लावतो तसे चुंबकाचे हुक नेले तर ओले टॉवेल आणि टोप्या टांगायला छान जागा होते.

फोन विमानात ठेवतो तसाच बंद अवस्थेत ठेवा. समुद्रात तो जहाजाचं उपग्रहावरून चालणारं नेटवर्क पकडतो आणि घरी आल्यावर जे बिल येतं ते पाहून बाबांना बोट लागते! खोलीचं कार्डही जपून वापरा. जेवण तिकिटात असलं तरी थंड पेयं, व्हिडिओ गेम यांचे पैसे बहुधा त्या कार्डावर चढत जातात आणि शेवटच्या दिवशी एकदम समोर येतात.

जेवणाआधी हात साबणाने धुवा, नुसती बाटलीतली जेल चोळून भागत नाही. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस नावाचा विषाणू कधी कधी पसरतो. त्या जेलला तो फारसा दाद देत नाही. साबण-पाण्याने मात्र धुऊन जातो.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, म्हणजे सकाळी त्या आधीच धक्क्यावर पोचतात. मी मोठ्या शिस्तीने सगळं भरलं, कुलूप लावलं, बॅग बाहेर ठेवली आणि झोपलो. सकाळी लक्षात आलं की अंगावर लेंगा-बनियन आहे आणि बाकीचं सगळं बॅगेत. भाच्याने मात्र आपली चड्डी-शर्ट उशीखाली काढून ठेवले होते.