शेतातले शब्द आणि घरबसल्या कमाई

‘घरूनच काम करतो’ म्हटलं की राहुरीत अजूनही विचारतात, ‘म्हणजे सध्या काही काम नाही का?’ आम्ही दोघी, नणंद आणि भावजय, गेली काही वर्षं हा प्रश्न ऐकत आहोत. काम आहे, आणि पुष्कळ आहे. ते मिळवायचं कसं आणि त्याचे पैसे वेळेवर हातात कसे पडतात, हे शिकायला मात्र आम्हाला बराच वेळ लागला. इतर भगिनींचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

सुरुवात टंकलेखनाने झाली. भाभीकडे मराठी आणि इंग्रजी टायपिंगची सरकारी प्रमाणपत्रं होती. गावाजवळ १९६८ साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, त्यामुळे प्रबंध टाइप करून घेणारे विद्यार्थी मिळत. पानामागे ठरलेले पैसे. पहिल्या महिन्याच्या कमाईत विजेचं बिल भागलं, एवढंच. पण त्या प्रबंधांनी आम्हाला शेतीची इंग्रजी शिकवली आणि पुढे बियाणं, खत, ठिबक यांची माहितीपत्रकं मराठीत करण्याचं काम आलं.

इथे घरच्या शिदोरीचा उपयोग झाला. आपल्या घरांत दखनी-उर्दू बोलली जाते, शाळा मराठीत होते, हिंदी आणि इंग्रजी आपोआप येतात. ही आपल्या मुलामुलींची मोठी पुंजी आहे, पण तिला कुणी पुंजी समजत नाही. निकाहच्या पत्रिका मराठी-उर्दू दोन्हींत बिनचूक जुळवून देणारा माणूससुद्धा सहज सापडत नाही.

आता यंत्र भाषांतर करतं, मग माणसाला कोण विचारणार? हा प्रश्न खरा आहे. दर उतरले आहेत. ‘मशिनने केलंय, फक्त तपासून द्या’ म्हणणारे ग्राहक वाढले आहेत. एकदा असाच एक मजकूर आला. त्यात उसाच्या ‘रटून’चा उल्लेख तसाच ठेवलेला होता आणि जमिनीची ‘क्षेत्र क्षमता’ पाहून पेरणी करा, असं लिहिलं होतं. आम्ही अब्बांना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, ‘अगं, तो खोडवा. आणि हा वाफसा!’ हुमणीला ‘पांढरी अळी’ म्हटलं तर आमच्या तालुक्यातला शेतकरी पत्रक बाजूला ठेवतो. तेव्हापासून असे शब्द आम्ही वहीत उतरवतो. वही तीनशे शब्दांच्या पुढे गेली आहे आणि आमचा दर त्या वहीवरच टिकून आहे.

पैशांची ठेच मात्र जोरात लागली. एका ग्राहकाचं काम सगळं तोंडी ठरलं. काम पोहोचल्यावर ‘पुढच्या आठवड्यात’ सुरू झालं आणि ११,००० रुपयांपैकी निम्मेच हाती आले. ईदच्या तोंडावर ते फार जाणवलं. अब्बांनी रागावण्याऐवजी सूरह बकराची २८२वी आयत आठवून दिली. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. आयत पाठ होती, अंमल नव्हता.

आता काम, शब्दसंख्या, दर, तारीख आणि किती वेळा दुरुस्ती करून देणार हे आधी लिहून घेतो. नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घेतो. उद्यम नोंदणीही केली आहे. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, एजंटाला पैसे देऊ नयेत. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, असा २००६ च्या कायद्याचा नियम आहे, आणि थकले तर ऑनलाइन तक्रार करता येते. बिलावर हा नियम एका ओळीत छापला, तरी फोन लवकर येतात. कंपनीने टीडीएस कापला असेल आणि आपलं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. कित्येक जणी ते भरतच नाहीत.

काम शोधताना मोठ्या संकेतस्थळांवर नाव घालायला हरकत नाही, पण फायव्हरसारखं संकेतस्थळ कमाईतून २० टक्के कापून घेतं. आमची बरीचशी कामं ओळखीतून आली. आम्ही एक-दोन पानांचे नमुने स्वतःहून तयार करून कृषी दुकानदारांना आणि छापखान्यांना दाखवले होते.

एक सावधगिरी. ‘घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी नोंदणी फी भरा’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. असे लोक पुढे ‘चुका जास्त झाल्या, करार मोडला’ म्हणून खोट्या कोर्टाच्या नोटिसा पाठवतात आणि मुली घाबरून आणखी पैसे भरतात. घाबरू नका, घरात सांगा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

आमचं अवघड काम फजरनंतरच्या दोन तासांत होतं. तेव्हा घर शांत असतं, मुलं झोपलेली असतात. रमजानमध्ये आम्ही नवीन काम कमी घेतो आणि ग्राहकांना ते महिनाभर आधी कळवतो. आजवर त्यावरून कुणी काम काढून घेतलेलं नाही. सध्या टेबलावर कांद्याच्या साठवणुकीवरचं पत्रक आहे, आणि दोन शब्दांसाठी अब्बा शेतातून परतायची वाट पाहतो आहोत.